गणपत मिस्त्रींची मांडी

"हुंगा," असं म्हणून गणपत मिस्त्रींनी माझ्या नाकासमोर आपलं तोंड उघडलं, ती आमची पहिली भेट. ना ओळख, ना पाळख. धाराशिवच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी दोन्ही हातांनी बाक धरून बसलो होतो, आणि पांढऱ्या मिशांचे हे टोपीवाले गृहस्थ भिंत चाचपत येऊन माझ्यासमोर थांबले.

"हुंगा की. कसला वास येतोय?"

"बडीशेपेचा," मी घाबरून म्हणालो.

"झालं तर मग. पिलेलो न्हाय. चक्कर हाय," म्हणत ते समाधानानं शेजारी टेकले. पुढं पाहिलं तर रिक्षावाला, चहावाला, बिलं वाटायला आलेला लाइटवाला, कुणीच यातून सुटत नव्हतं. लोक हुंगायचे, मान डोलवायचे आणि जरा घाईनं निघून जायचे.

मी तरी हसायच्या लायकीचा कुठं होतो? मी भूगोलाचा मास्तर. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे जन्मभर शिकवलं. मग ते आपल्याला जाणवत का नाही, असं एखाद्यानं विचारलं की त्याला खाली बसवलं. निवृत्तीनंतर एका सकाळी नुसती कूस बदलली आणि मला ते जाणवलं. पंखा, कपाट, कपाटावरची सुटकेस, सगळं गरागरा फिरायला लागलं. मी पलंगाला मिठी मारून "भूकंप! भूकंप!" असा हंबरडा फोडला. आमच्या भागात हा शब्द कुणी थट्टेवारी नेत नाही. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड अंथरुणासकट रस्त्यावर आलं, समोरचे वकीलसाहेब नुसत्या टॉवेलवर आले. घरात झोपून राहिलो तो मी एकटा. ते वकील अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दवाखान्यातल्या डॉक्टरताईंनी समजावलं, की कानाच्या आत अगदी बारीक खडे असतात, ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की मेंदूला वाटतं माणूस फिरतोय.

"म्हंजे वाळू नीट चाळून घेतली न्हाय," मिस्त्री म्हणाले. आयुष्य गवंडीकामात गेलेलं. नळदुर्गापासून तुळजापूरपर्यंत त्यांच्या हातच्या भिंती उभ्या आहेत.

खडे जागेवर आणायची तऱ्हा भयंकर होती. मान वळवून माणसाला झटक्यात आडवं करायचं आणि डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबू द्यायचं. पहिल्या दिवशी मी एवढ्या जोरात "आई अंबाबाई" म्हणालो, की पडद्याआडून मिस्त्री ओरडले, "मास्तर, हळू! देवी जागी व्हईल!"

त्यानंतर व्यायाम. जमिनीवर एक पिवळी पट्टी चिकटवली होती. तिच्यावरून चवड्याला टाच लावत चालायचं. मी दर वेळी वजनकाट्यावर जाऊन आदळायचो.

"तुमी बराबर चालताय," मिस्त्रींनी मला दिलासा दिला. "पट्टीच वाकडी हाय."

मला हे निदान फार आवडलं. डॉक्टरताई जेवायला गेल्या तेव्हा मिस्त्रींनी पट्टी खरवडून काढली आणि पिशवीतून गेरू काढला. दोरी आणू का, असं मी विचारलं तर रागावले. "दोरी कशाला? उभ्या आयुष्यात नजर चुकली न्हाय माझी." त्यांनी रेघ मारली. आम्ही दोघांनी लांब उभं राहून, एकेक डोळा मिटून ती तपासली. एकदम सरळ! मी तर शाबासकीही दिली. डॉक्टरताई परतल्या तेव्हा ती रेघ दारातून निघून, वजनकाट्याला वळसा घालून संडासात गेली होती.

"हे कुणी केलं?"

"आमी दोघांनी. मास्तरांनी तपासलीय," मिस्त्री म्हणाले.

ताई पोट धरून हसल्या. मीही हसलो. मिस्त्री मात्र खाली बसून बोटानं गेरू पुसायला लागले. पुसता पुसता माझ्याकडं न बघताच बोलले.

त्यांची एकुलती एक लेक सुनंदा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दिलेली. नातवाच्या बारशाला मिस्त्री पाळण्यावर वाकले आणि घर फिरलं. ते घुगऱ्यांच्या पातेल्यात पडले. "पाव्हण्यांत कुनीतरी म्हनालं, म्हातारं दिवसाढवळ्या घिऊन आलंय. कधी शिवलो न्हाय हो मी. पन जावयानं पाळणा पल्याड वढला, त्ये म्या बघितलं."

आता जावळ होतं, तुळजापूरला. लेकराला मामाच्या मांडीवर बसवतात. सुनंदाला भाऊ नाही, म्हणजे मांडी आजोबाची. पण जावई कुणी चुलत मामा शोधत होते.

"वस्तऱ्याचं काम. म्हातारं झुकलं तर? त्येंचं बी खोटं न्हाय, मास्तर. रेघ बघितली न्हवं तुमी?"

आजवर या माणसाचं तोंड हुंगून मी घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री उशीच्या खोळीत ज्वारी भरून घेऊन आले. खोळीला टोपडं बांधलेलं. मांडी घालून ते बाळ त्यांनी मांडीवर घेतलं आणि ताईंनी शिकवल्याप्रमाणं हळूहळू मान खाली न्यायला लागले, नजर एका जागी रोवून. न्हावी मी. हातात कंगवा. पहिले काही दिवस मिस्त्रींआधी न्हावीच कलंडायचा. एकदा तर मी थेट बाळावर कोसळलो आणि खोळ उसवली. तोल गेलेल्या माणसांच्या दवाखान्यात फरशीभर ज्वारी! सगळे पेशंट पाय वर घेऊन बाकांवर बसले. मिस्त्रींनी आधी टोपडं उचललं, झटकलं आणि छातीच्या खिशात ठेवलं.

जावळाला ते मला घेऊनच गेले. मी आधाराला चाललोय, असा माझा समज होता. चुलत मामा इस्त्रीचे कपडे घालून तयार बसलेले. मिस्त्री गपचूप भिंतीपाशी गेले, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "जावईबापू, झुकलो तर लगीच उचलून न्या. पन एकडाव बसवा."

जावयांनी सुनंदाकडं बघितलं. ती कुणाला काही न विचारता पुढं झाली आणि लेकरू तिनं बापाच्या मांडीवर ठेवलं.

न्हाव्यानं केस ओले केले. लेकरानं आकांत मांडला. मिस्त्रींची मान खाली गेली. वस्तरा फिरायला लागला तशी तुळजापूरची जमीन माझ्याच पायाखालून सरकली. मी चुलत मामांचा खांदा गच्च धरला. त्यांच्या इस्त्रीचं वाटोळं झालं. मिस्त्री तसूभर हलले नाहीत. माझे डोळे भरून सगळं डळमळलं, आणि या वेळी त्याला कानातले खडे कारण नव्हते.

गोटा झाला. जावयांनी स्वतः पुढं होऊन सासऱ्यांच्या सदऱ्यावरचे केस झटकले. लेकरू रडून दमून गप झालं होतं. सुनंदानं हात पुढं केले. "आबा, झालं. द्या आता."

मिस्त्रींनी मान वर केली नाही.

"ऱ्हाऊ दे की गं जरा," ते म्हणाले. "आत्ता कुठं खाली बघाय येतंय मला."