भोयर मास्तरांचं जुनं पाणी

गिरडच्या आसपास कुठंही विहीर खणायला घेतली, की तिसऱ्या दिवशी मी शिकवायचो त्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर भोयर तिथं हजर. हातात चहाची गाळणी, खिशात रिकाम्या काड्यापेट्या. आणि पाणी लागलं, लोक नारळ फोडायला धावले, की हे तोंड वाकडं करून घरी निघायचे.

"हे पानी तं सारेच पाह्यतात," ते म्हणत. "मले जुनं पानी पाह्यचं हाये."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आमच्याकडच्या काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कधीकधी पांढुरकी माती लागते. तो एका काळच्या तळ्याचा गाळ, असं मास्तरांचं म्हणणं. ती माती धुऊन, गाळून ते चित्रांच्या बारीक ब्रशानं तिच्यातले दगड झालेले शंख वेचत. शंख मोठे, तर पाऊस भरपूर. बारके आणि दाटीवाटीनं, तर तळं आटत चाललेलं. गेल्या आठवड्यात पाऊस पडला का, हे मात्र त्यांना विचारू नये. त्यांना आठवत नसे.

नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती तेव्हाची गोष्ट. माझ्या शेतात विहीर खणताना ही माती लागली, आणि खाली पुन्हा काळा खडक. दुपारी सुरुंग लावायचा होता. त्यानं थराचा चुरा होणार, म्हणून मास्तर सकाळीच आत उतरून बसले. खोदणाऱ्यांनी हाका मारल्या, हात जोडले. मास्तर ढिम्म. शेवटी चिडून मीच शिडीनं खाली उतरलो.

"मास्तर, वर चला. मानसं खोळंबून राह्यली."

"एक दिवस द्या, गुरुजी. मंग हे कोनालेच दिसनार नाई."

त्यांनी माझं डोकं धरून गाळाजवळ नेलं. बोटभर जागेत शंखच शंख, एकमेकांना चिकटलेले.

"हा उन्हाळा लई लांबला. पानी आटत गेलं, तसे सारे मधल्या ओलीत सरकत आले. पाहा ना, एकटं कोनी नाई मेलं."

हे ते इतक्या समाधानानं बोलले की माझा राग कुठच्या कुठं गेला. त्यांची बायको वारून बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रोज शाळेत शेजारी बसून मी एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही जेवता कुठं. मला माझीच लाज वाटली.

"जेवले का, मास्तर?"

"सकायची भाकर हाये घरी."

मी वर तोंड करून ओरडलो, "सुरुंग उद्या लावजा. अन् घरी सांगजा, आजपासून मास्तर रोज आपल्याकडं जेवतीन."

मास्तर ब्रशानं माती झाडत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, "तिखट कमी टाकायले सांगजा."