पेशकारांचा लिंब

आमच्या शेजारच्या पेशकारांचं रोप मेलं की पंचनामा व्हायचा. खरोखरचा! दोन पंच उभे, रोप उपटून फडक्यावर ठेवलेलं, अन् पेशकारांचा कोर्टातला आवाज: "मयताचं नाव कडुलिंब. वय कोवळं. मुळं जागच्या जागी वळलेली. झटापटीच्या खुणा न्हाईत."

परभणीच्या कोर्टात जज्जापुढं कागद ठेवण्यात जन्म घालवलेला माणूस. रिटायर होऊन पिंगळीला परत आले, ते घरात टेकलेच न्हाईत, थेट खदानीवर. रेल्वेच्या रुळांखाली अंथरायची खडी आधी तिथं फोडली जायची. दगड संपला, खदान बंद पडली, अन् मागं राहिला ढिगारा. चुरा, मुरूम, फुटके दगड. तरवड अन् रुई तेवढी आपल्या मर्जीनं उगवायची. पेशकारांना मात्र तिथं लिंबच पाहिजे, अन् तोही विहिरीकडच्या कोपऱ्यातच.

"भावजी, बाभूळ लावा की. पाणी घालत बसावं लागत न्हाई तिला," मी म्हणायची.

"अर्ज नामंजूर, वहिनी."

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस ते. पारावर दोन तट पडलेले. पेशकार एक पंच ह्या तटाचा घ्यायचे, एक त्या तटाचा. म्हणायचे, "पंचांचं आपसात पटत नसलं की साक्ष पक्की." ते दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलायचे न्हाईत, पण मेलेल्या लिंबाकडं बघून माना एकदमच हलवायचे.

"पाणी दिलं होतं?" पेशकार स्वतःलाच विचारायचे, अन् स्वतःच सांगायचे, "दिलं होतं. पण वर चुऱ्याची पापडी धरलीय, पाणी वरच्या वर पळायलंय. जे आत गेलं ते दगडांतून खाली निसटलं. रोप बेकसूर! मुजरिम माती!"

"पण साहेब, माती हाय कुठं?" एक पंच म्हणाला. दुसरा हसू दाबायलागला.

मग त्यांनी धनगराला गाठलं. खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, ते समद्यांनाच ठाऊक. ह्यांनी दगडांवर बसवली! धनगर म्हणाला, "मेंढरं बसतील मालक, पण दगड काय लेंड्या खाणार हायत का?" पहिल्याच वळवाला समदं खत घरंगळून ओढ्याला गेलं. पेशकार छत्री धरून बघत उभे. "मुद्देमाल फरार," एवढंच म्हणाले.

एका सकाळी चहा घेता घेता मला म्हणाले, "वहिनी, खदान खोदताना आधी काय निघतं?"

"माती. अजून काय निघणार?"

"काळी माती! म्हंजे तीच आधी टाकली. तिच्यावर मुरूम, मुरमावर दगड. खरी गवाह तळाला दाबलीय, अन् मी वरच्यांचेच जबाब घ्यायलोय!" कपबशी तशीच ठेवून पळाले.

मग एकेक दगड हातानं उचलून बाजूला. काळी लागेस्तोवर खाली खाली गेले. लागली त्या दिवशी मला वाटलं, आता आरोळी ठोकतील. तर माणूस मूठभर माती हातात घेऊन खड्ड्यातच बसून राहिला.

लिंब त्या काळीत लावला. ओल टिकावी म्हणून बुडाशी दगड रचले. उन्हाळा आला, अन् चैत्रात त्याला तांबूस पालवी फुटली. पेशकारांनी पंच बोलावले, "या! आज हयातीचा पंचनामा!" मीही गेले.

तेवढ्यात त्यांची बायको सुमन आली. इतक्या दिवसांत ती ढिगाऱ्याकडं फिरकली नव्हती. हातात दुधाची वाटी. ती तिनं बुडाशी ओतली.

"अगं, मुंग्या लागतील रोपाला," मी म्हणाले.

"रोपाला न्हाई ओतलं, बाई," सुमन म्हणाली. "आमची पहिली पोरगी. दात सुद्धा आले नव्हते तिला. इथल्या जुन्या लिंबाखाली मातीत ठेवली होती. आमी नोकरीपायी परभणीला गेलो. मागं खदान आली, लिंब पाडला, अन् तिथली माती उचलून ह्या कोपऱ्यात टाकली."

दोघा पंचांनी टोप्या काढल्या, एकमेकांकडं न बघता. मग सवयीनं दोघंही पेशकारांच्या तोंडाकडं बघायले, आता हे काय मजकूर सांगतात म्हणून.

पेशकार विहिरीकडं तोंड फिरवून म्हणाले, "एवढं पंचनाम्यात नको."