गोरी लागली

मुकादमाचा शर्ट धुवायला घेतला आणि त्याच्या बायकोच्या हाताला चमकी लागली. कॉलरवर, खिशात, बाहीच्या आतसुद्धा. डोंगरात रेल्वेचा बोगदा खणणाऱ्या माणसानं काळंकुट्ट होऊन घरी यावं. वर्षभर तो तसाच येत होता आणि तिची काही तक्रार नव्हती. हल्ली मात्र स्वारी नाटकातल्या राजासारखी झळकत येत होती.

विचारलं तर म्हणाला, "कामावरची धूळ आहे."

धूळ काय तिनं जन्मात पाहिली नव्हती?

तिनं बहिणीला फोन केला. बहीण म्हणजे आगीत तेल. तिनं आधी शर्टाला वास कसला येतो ते विचारून घेतलं, मग सल्ला दिला की कान उघडे ठेव, पुरुषांची तोंडं फोनवरच सुटतात.

तोंड सुटलंही. चहाचा कप घेऊन बाई दाराआड थबकली. मुकादम फोनवर कुणाला तरी सांगत होता, "गोरी लागली ना साहेब. मऊ आहे एकदम. काळीनं वर्षभर नुसता घाम काढला."

बाईची नजर समोरच्या आरशात गेली. काळी कोण, हे सांगायला बहिणीची गरज नव्हती. पुढचं ऐकायला ती थांबली नाही. चहा तिनं स्वतःच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं बॅग भरली. माहेरी जायचं ते कायमचं. पण त्याआधी त्या सटवीचं तोंड तरी बघून जायचं. बोगद्याच्या तोंडाशी, उपसलेल्या दगडांच्या ढिगाजवळ, एक ट्रॉलीवाला बसला होता. ती ढिगावर चढून त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"गोरी कुठे आहे?"

"ही काय," तो म्हणाला. "तुम्ही तिच्यावरच उभ्या आहात, वहिनी."

तिनं खाली पाहिलं. फिकट, पापुद्र्या-पापुद्र्यांचा दगड. पायाखाली चुरा होत होता, आणि वाऱ्याबरोबर अभ्रक भुरभुर उडत होतं.

"आणि काळी?" तिचा आवाज पार उतरला होता.

"काळी म्हणजे कातळ. ड्रिल मोडेल, ती मोडायची नाही. पण तिच्याखाली माणूस निर्धास्त उभा राहतो. या गोरीचं छप्पर कधी अंगावर येईल, नेम नाही. मुकादम तर रोज म्हणतात, माझी काळी परत लागू दे, मग मला झोप लागेल."

"'माझी' म्हणाले?"

यात विचारण्यासारखं काय आहे, ते ट्रॉलीवाल्याला कळेना.

घरी येऊन तिनं बॅग रिकामी केली. बहिणीचा फोन वाजवाजून थकला. संध्याकाळी मुकादम आला तो डोक्यापासून पायापर्यंत काळा, नुसते दात दिसत होते.

"काळी लागली," म्हणाला आणि खुर्चीत अंग टाकून दिलं. मग त्याची नजर तिच्या केसांवर गेली, भुवयांवर, मानेवर. "हे काय चमकतंय?"

"धूळ आहे."

"घरात बसून?"

दगडाची जात लांबून ओळखणारा माणूस. बायकोच्या केसांतली धूळ काही त्याला ओळखता आली नाही. ती चहा टाकायला वळली.

"कुठे गेली होतीस?" त्यानं जरा आवाज चढवूनच विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला होता. उत्तर तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दोन दिवस झुरू दे म्हणून तिनं ते गिळलं, आणि त्याच्या कपात साखर मात्र चमचाभर जास्त घातली.