ऑर्किडला बीळ हवं

मुलांनो, एका जंगलात एवढा उकाडा होता, की दुपारी माकडंसुद्धा भांडायची थांबत. तिथे थंडगार बीळ एकच. ते केरबा साळिंदराचं. आत झरा पाझरायचा. तोंड इतकं अरुंद, की वाघाचा नुसता पंजा आत जायचा. म्हणून केरबाची बायको ताराऊ आणि पिल्लं आत निर्धास्त झोपत.

एकदा उंच डोंगरावरच्या वानराने केरबाला ऑर्किडचं रोप दिलं. साधंसुधं नव्हे, संकरित. त्याचे आईबाप दोघेही थंड हवेतले. त्याला गारवा हवा, ओलावा हवा, मुळांशी खेळती हवा हवी, आणि गर्दी नको, असं वानर सांगून गेलं.

केरबाने बिळात पाहिलं. गर्दी म्हणजे ताराऊ आणि पिल्लं.

त्याने त्यांना करवंदीच्या जाळीत हलवलं. हवा खेळावी म्हणून बिळाचं तोंड खोदून चांगलं ऐसपैस केलं. मग येणाऱ्याजाणाऱ्याला तो रोपाचं कूळ सांगू लागला. पिल्लांची नावं मात्र चुकू लागली.

ताराऊ म्हणाली, "अहो, पोरं करपली. वाघ फिरतो. निदान रात्रीपुरतं आत घ्या."

"रात्रीच तर त्याला गारवा लागतो. तुमच्या श्वासाने बीळ तापतं."

"आणि पोरांचं काय?"

"अगं, पोरं दरवर्षी होतात. हे पहिल्यांदाच फुलतंय."

पिल्लं घेऊन ताराऊ टेकडीवरच्या खडकाच्या फटीत राहायला गेली. फट गरम होती, पण अरुंद होती.

फूल उमललं. बातमी पसरली. एके संध्याकाळी दारात वाघ उभा. केरबाचे काटे ताठ झाले.

वाघ अदबीने म्हणाला, "केरबाराव, फूल बघायला आलोय. तुमच्यासारखी आवड आमच्या घराण्यात कुणाला नाही."

काटे आपोआप खाली बसले. केरबाने त्याला आत नेलं. वाघाने फूल हुंगलं, गारवा अनुभवला, आळस दिला आणि तिथेच आडवा झाला. ऑर्किड त्याच्या पाठीखाली गेलं.

आता केरबा बाहेर उन्हात बसतो. कुणी विचारलं तर मान ताठ करून सांगतो, "आमचं ऑर्किड साक्षात वाघसाहेबांनी ठेवून घेतलंय."

तात्पर्य : बिळात काय, उंदीरही राहतात. आपलं फूल वाघाच्या पाठीखाली चिरडून घेण्याचा मान मात्र रसिकालाच मिळतो. म्हणून घराचं तोंड नेहमी रुंद ठेवावं, आणि बायकापोरांना वेळेवर बाहेर काढावं.