भोपळ्याचे सत्तावीस थेंब

टीव्हीजवळच्या कोपऱ्यात काहीतरी जिवंत हवं, एवढंच मी ठरवलं होतं. (तिथे मी रोज बसतो, पण मला घरात कोणी त्यात धरत नाही.)

उल्हासनगरच्या दुकानात चौकोनी फिशटँक ओळीने मांडलेले होते. मी भाळलो तो एका विचित्र टँकवर. मागून भिंतीच्या कोनात बसणारा, पुढून सुटलेल्या ढेरीसारखा गोल!

"साईं, ऐसा पीस पूरे उल्हासनगर में दूसरा नहीं मिलेगा," दुकानदार म्हणाला.

ते खरं असावं. दुसरं गिऱ्हाईकही मिळालं नसावं.

बदलापूरला घरी टँक बसला. आमच्या ओवीने त्यात केशरी गोल्डफिश सोडला आणि त्याचं नाव भोपळ्या ठेवलं. महिनाभर मजेत गेला. मग एका रविवारी सकाळी ओवी किंचाळली, "बाबा, भोपळ्याच्या अंगावर मीठ सांडलंय!"

पांढरे ठिपके! मी धावत जाऊन औषध आणलं. बाटलीवर लिहिलं होतं, दोन लिटरला एक थेंब. कमी पडलं तर गुण नाही, जास्त झालं तर मासाच नाही.

"पण आपल्या टँकमध्ये पाणी किती मावतं?" मालिनीने विचारलं.

मला स्फुरणच चढलं! अंबरनाथच्या कारखान्यात मी स्टोअरचा सीनियर क्लार्क. नटबोल्ट मोजण्यात हयात गेली. मी टेप काढला, पाव वर्तुळाचं सूत्र आठवलं, इंचांचे सेंटिमीटर केले आणि वीस मिनिटांत ओरडलो, "तीनशे अडुसष्ट लिटर! एकशे चौऱ्याऐंशी थेंब!"

"अहो, बाथरूममधला आपला ड्रम दोनशेचा आहे," मालिनी म्हणाली. "तो या टँकच्या आत बसेल?"

मी ड्रमकडे पाहिलं. टँककडे पाहिलं. मग टेपकडे पाहिलं. दोन मापं मी मुळात सेंटिमीटरमध्येच घेतली होती आणि त्यांचे पुन्हा सेंटिमीटर केले होते.

"सूत्र बरोबर आहे," मी म्हणालो. "टेप दुटप्पी आहे."

"बाबा, लवकर!" ओवी रडकुंडीला आली होती. भोपळ्या आता एका कडेला कलला होता.

"पाणी मोजूनच काढतो!" मी गर्जलो. भोपळ्याला पातेल्यात ठेवलं आणि लिटरच्या मगने पाणी रिकाम्या ड्रममध्ये ओतू लागलो. एकोणीस, वीस, एकवीस... तेवढ्यात शेजारचा प्रमोद दारात आला.

"गुरुदत्त, तीनशे चारचं कुरिअर तुझ्याकडे दिलंय का?"

"नाही रे," मी म्हणालो. "तीनशे पाच, तीनशे सहा, तीनशे सात..."

आकडा माझ्या उत्तराच्या जवळ येतोय म्हणून मी खूशही झालो!

मालिनीने माझ्या हातातला मग काढून घेतला. काढलेलं पाणी तिने परत टँकमध्ये ओतलं, नळी लावली आणि खाली रंगाची दहा लिटरची रिकामी बादली ठेवली. बादली भरली की ती ड्रममध्ये ओतायची आणि कॅलेंडरवर पेन्सिलने एक रेघ मारायची. प्रमोदने मध्ये दोनदा काहीतरी विचारलं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाच रेघा, वर चार मग.

"चोपन्न लिटर," ती म्हणाली.

मी घाईघाईने सूत्र दुरुस्त केलं. "सत्तावन्न येतात! बघ, तीनच लिटरचा फरक!"

"तळाला वाळू आणि दगड आहेत ना? त्यांनी अडवलेली जागा कोण वजा करणार?"

(ते सूत्रात नसतं.)

पाणी परत भरलं. मालिनीने ड्रॉपर धरला, ओवी मोठ्याने मोजत होती, प्रमोदही कुरिअर विसरून उभा होता. "पंचवीस... सव्वीस... सत्तावीस!" भोपळ्याला आत सोडलं आणि आम्ही चौघं काचेला नाक लावून बसलो.

आठवड्याभरात ठिपके गेले. शनिवारी भोपळ्या तोंड उघडून खाणं मागायला वर आला, तेव्हा ओवी सोफ्यावर नाचली. मीही नाचलो. (सोफ्याची एक पट्टी गेली.)

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आण्णा आले. "गच्चीवरची सिमेंटची टाकी एका अंगाने उतरती आहे. किती पाणी मावतं, कुणालाच माहीत नाही. प्रमोद म्हणाला, तुमच्या घरात असला हिशोब अचूक होतो."

माझी छाती दोन इंच फुगली. "चला!" म्हणून मी चपला घातल्यासुद्धा.

आण्णांनी मला हाताने थांबवलं. "तुम्ही बसा हो. वहिनी मोकळ्या आहेत का?"