बखर पाखऱ्या विमानाच्या डाव्या पायाची

श्री गजानन समर्थ.

हुजूर पुष्पांजली मॅडम, तालुका कचेरी, मोताळे, यांचे सेवेसी सुभद्राबाई, अध्यक्षा, अन्नपूर्णा महिला बचत गट, यांची विनंती ऐसी जे, आपण कागद धाडिला, तो पावला. त्यात 'बिघाडाचे कारण' म्हणून एक रकाना आहे, तो दोन बोटे रुंद. ऐसियास, ज्या मोहिमेत दोनदा शिकस्त जाहली, सात लिंबे खर्ची पडली आणि एका चुलीवर सासू-सून एक आख्खा दिवस मुक्याने भाकरी थापत बसल्या, ती मोहीम दोन बोटांत कैसी मावावी? सबब वेगळ्या वहीत तपशिलाने लिहिले असे. लिहिणारी शाळेत दोनच इयत्ता बसली, परंतु नजर शाबूत आहे. आणि बखरीत स्वतःस 'मी' म्हणणे हलके दिसते, म्हणून जेथे 'बाईसाहेब' येईल तेथे लिहिणारीच समजावी.

पेशजी आषाढमासी गटास फवारणीचे एक विमान प्राप्त जाहले. लोक त्यास ड्रोन म्हणतात, म्हणोत बापडे. जे उडते, उतरते आणि पडले की तीन गावांत बोभाटा होतो, ते विमानच. त्यास सहा पंखे, पोटी दहा लिटर औषधाची टाकी आणि खाली काळ्या नळीचे दोन पाय, डावा आणि उजवा, प्रत्येकाच्या तळाशी आडवी दांडी, म्हणजे जमिनीस टेकणारी टोके चार. प्रत्येक पाय वरच्या अंगास धातूच्या पकडीत घालून स्क्रूने आवळलेला. पाय गच्च धरून ठेवावा, एवढीच त्या पकडीची चाकरी. हे ध्यानी ठेवावे, पुढील सारा अनर्थ तेथूनच उद्भवला.

विमानाचे नाव पाखऱ्या ठेविले. बाईसाहेबांच्या गोठ्यातला शेवटचा बैल त्या नावाचा होता आणि तो गेल्यावर गोठा ओस पडला होता, तेथेच विमानाचा मुक्काम जाहला. आणि ते उडविण्याचा अधिकार रुपालीबाईंचा, या बाईसाहेबांच्या धाकट्या सूनबाई. पंधरा दिवस शहरी राहून इलम शिकल्या आणि फोटो लावलेला परवाना घेऊन आल्या. आधार आणि रेशनच्या कागदाखेरीज आपल्या नावाचा कागद त्यांनी आयुष्यात तो पहिलाच पाहिला, म्हणून तो त्यांनी पितळेच्या डब्यात, मंगळसूत्राच्या डबीशेजारी ठेविला. मग रोज सकाळी त्या पाखऱ्यास घेऊन शिवारी जात आणि सोयाबीन-कपाशीवरील अळीचा फडशा पाडून येत. पोळ्यापूर्वी पाखऱ्या बावीस वेळा उतरला आणि बावीस वेळा चारी टोके टेकून, जैसा मानकरी पाटावर बसतो, तैसा बसला.

मग पोळा आला. वहिवाट ऐसी की आदल्या सायंकाळी बैलाचा खांदा हळद-तेलाने शेकावा आणि त्याचे कानी सांगावे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गोठ्यात बैल नव्हता, पाखऱ्या होता. बाईसाहेबांनी मसलत केली की जो बैलाचे काम करतो, त्यास बैलाचा मान द्यावा. खांदा कोठे ते समजेना, तेव्हां पाय जेथे अंगास मिळतात तोच खांदा, ऐसा निवाडा जाहला. आणि त्या पकडीवर हळद-तेल ऐसे चोळले की खाली ओघळ आला. रुपालीबाई हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, पुस्तकात तेलाचं कुठीच लिहेल नाई." यावर बाईसाहेबांचे फर्मान सुटले की पुस्तक लिहिणाऱ्याच्या दारात बैल होता काय?  आणि त्याच भरात बाईसाहेबांनी आपले यजमान राजश्री निवृत्तीराव यांस ताकीद दिली की पाखऱ्याचा खांदा रोज शेकावा. निवृत्तीरावांनी मान डोलाविली. ते नेहमीच डोलावितात, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. तेल बाईसाहेबच लावू लागल्या.

पोळ्याच्या दुसरे दिवशी पाखऱ्या अर्धी टाकी पोटी घेऊन शेताच्या धुऱ्याजवळ, बांधाशी, उतरला. टेकला मात्र, आणि डावा पाय पकडीतून वर सरकला, आणि स्वारी डाव्या अंगावर कलली, आणि पंखा मातीत घुसून तुटला, आणि औषध बांधावरच्या तुरीस आंघोळ घालून गेले. रुपालीबाई धावत सुटल्या. निवृत्तीराव चिलीम हाती धरून म्हणाले, "बसला वाट्टे."

बाईसाहेबांनी नवा पंखा आणविला, पाय ओढून बसविला आणि तेल दुप्पट केले. चौथे दिवशी पुन्हा तोच पाय, तेच डावे अंग. फरक इतकाच की या खेपेस ग्रामपंचायतीसमोर, सरपंच फोटो काढीत असता.

तेव्हां तालुक्याहून आपला खलिता आला, त्याची याद मॅडमना असेलच. मजकूर ऐसा की तपासणीस शुक्रवारी स्वतः येते. माझ्यासमोर विमान तिसऱ्यांदा कलंडले तर ते उचलून सोनाळ्याच्या गटास दिले जाईल. हे वाचून रुपालीबाईंनी पितळेचा डबा उघडला, परवाना पाहिला आणि डबा मिटला. विमानावाचून परवाना म्हणजे फोटो चिकटविलेला पुठ्ठा. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सोनाळ्याच्या गटाच्या अध्यक्षा वच्छलाबाई. पोळ्याआधी त्या पाहुण्या येऊन गेल्या होत्या आणि पाखऱ्याकडे पाहून, "मायबाई, लय देखना हाय व," ऐसे उद्गारल्या होत्या. बाईसाहेबांस गनीम सापडला. नजर लागली! मग लिंबे-मिरच्या पायांस बांधल्या, आणि तेल तिप्पट केले, आणि चमत्कार ऐसा जाहला की पुढील चार दिवस पाखऱ्या एकदाही पडला नाही. बाईसाहेब गावभर सांगत फिरल्या की पहा, तेलाचा गुण.

पाचवे दिवशी दोरीवर कपडे वाळत घालता एक फडके बाईसाहेबांच्या हाती आले. ते त्यांच्याच जुन्या लुगड्याचे, आणि तेलाने चिंब, आणि हळदीने पिवळे. त्यांनी तेथूनच हाक घातली.

"रुपाली! माहं तेल कोन पुसून राह्यलं व?"

रुपालीबाई चुलीपासून उठल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, "मी पुसतो, आत्याबाई. तुमी लावून गेल्या का मी पकड खोलतो, आतून-बाहेरून पुसतो, पुन्हा आवळतो. चार दिस झाले. चार दिसांत पडला काय?"

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं. तुमी म्हणाल्या, पुस्तकवाल्याच्या दारात बैल होता काय."

त्या दिवशी दोघींत शब्द झाला नाही. भाकरी मुकाट थापल्या गेल्या, त्यातली एक करपली, तीही मुकाट. निवृत्तीरावांनी दोन्ही बाजूंची मने राखण्याकरिता मीठ मागितलेच नाही.

सायंकाळी बाईसाहेब सरपण फोडावयास अंगणी गेल्या. कुऱ्हाड उचलिली आणि हात जागीच थांबला. कुऱ्हाडीचा दांडा! दांड्याच्या भोकात कोणी तेल घालतो काय? घातले तर पाते निसटून शेजाऱ्याच्या ओसरीत जाईल. बैलबंडीच्या आखाला तेल द्यावे, कारण चाकाने फिरावे. दांड्यास देऊ नये, कारण त्याने धरावे. आणि पाखऱ्याचा पाय फिरावयाचा की धरावयाचा? हे चाळीस वर्षे कुऱ्हाड चालविणाऱ्या बाईस कळू नये! बाईसाहेब सरपणावर बसल्या. लढाईत घाव सोसवतो. आपलेच शस्त्र आपल्या हाताने बोथट केले हे कळणे सोसवत नाही.

मग उठल्या, आत गेल्या आणि सूनबाईंपुढे पाट ओढून फर्माविले, "ते पुस्तक आण. वाच. हळू वाच, मले समजलं पायजे."

रुपालीबाईंनी वाचले, बाईसाहेबांनी ऐकिले, आणि त्या दोघींत पाखऱ्याच्या पायांचा कायदा सिद्ध जाहला. तो ऐसा की उड्डाणापूर्वी दोन बायांनी पाय तपासावे. एकीने विचारावे, दुसरीने उत्तर द्यावे, एकटीने दोन्ही करू नये, कारण एकटी बाई स्वतःस फार लवकर 'हाव', म्हणजे 'होय', म्हणते. प्रत्येक स्क्रू आवळून त्यावरून पकडीपर्यंत नखपालिशची लाल रेघ ओढावी. रेघ तुटकी दिसली तर स्क्रू फिरला, मग सरपंच फोटोस उभा असला तरी उड्डाण नाही. खालचे रबर झिजले तर बदलावे, पन्नास उतरणी झाल्या की स्क्रू नवे घालावे. येथवर पुस्तकाचा हुकूम. त्याखाली बाईसाहेबांनी पदरचे कलम घातले: नुसते डोळ्याने पाहू नये, बोट लावावे. डोळा लाजेकाजेस्तव खोटे बोलतो, बोट बोलत नाही. आणि तेलाची बाटली विमानापासून वीस पावलांच्या आत आणील त्यास एक वेळ चहा बंद.

शुक्रवारी आपली गाडी शिवारी दाखल जाहली. मागाहून सोनाळ्याचा टेम्पो आला. त्यात वच्छलाबाई, विमान निजविण्यास गोधडी, आणि ओवाळण्यास हळदकुंकवाचे ताटसुद्धा. बाईसाहेबांनी विचारिले, "एवढी घाई व वच्छला? अजून तं पडलाही नाई."

त्या म्हणाल्या, "घाई कायची बाई, गोधडी उन्हात टाकाची होती, म्हणून आनली."

मग तपासणी मांडली. सूनबाई विचारीत गेल्या, बाईसाहेब उत्तर देत गेल्या. रबर? शाबूत. उजवी रेघ? अखंड. डावी रेघ? अखंड. आणि कलमाप्रमाणे बाईसाहेबांनी डाव्या पकडीस बोट लाविले, तो बोट घसरले. उन्हात धरून पाहिले. बोट चकाकत होते, आणि पिवळे होते.

रेघ धड होती. कोणी पाहिले नव्हते. मॅडम आपण तेव्हां फोनवर होता, वच्छलाबाई टेम्पोजवळ होत्या, सूनबाईही पंख्यांकडे वळल्या होत्या. पदराने पुसून 'हाव' म्हटले असते तर कोणास पत्ता लागता ना. परंतु तेल वरून पुसले तरी आत मुरलेले. पाखऱ्या उडता, आणि उतरता, आणि कलता, आणि बोल त्या पोरीस लागता, जिने चार दिवस मुकाट पुसले होते.

बाईसाहेब गरजल्या, "थांबवा! पकडीत तेल हाय. खोला लागते."

वच्छलाबाईंनी तोंडास पदर लाविला. मॅडम आपण विचारिले की तेल कोणी घातले? तेव्हां लिंबाच्या झाडाखालून निवृत्तीराव पुढे आले आणि बोलिले, "म्याच लावलं सकाळी. हिनंच तं सांगतलं होतं, पाखऱ्याचा खांदा रोज शेका म्हणून. म्हटलं, आज तपासनी हाय, एवढं तरी आयकाव."

चाळीस वर्षांच्या संसारात राजश्रींनी बाईसाहेबांचा एकच हुकूम पाळला, आणि तो नेमका रद्द झालेला.

तेव्हां बाईसाहेबांनी सर्वांसमक्ष, वच्छलाबाईंच्या दिशेने तोंड करून, जेणेकरून पुन्हा सांगावे लागू नये, जाहीर केले, "पोळ्यापासून तेल मी लावलं. दोन डाव पाडला तो मी. या पोरीनं तं सांभाळला. आता हसाचं तं हासून घ्या, तवर ते पकड पुसून घेते."

कोणी हसले नाही. रुपालीबाई खाली मान घालून पकड खोलू लागल्या.  अर्धा तास लागला. पुसले, वाळविले, आवळले, नवी रेघ ओढिली. दुसऱ्यांदा तपासणी जाहली आणि बाईसाहेबांचे बोट कोरडे निघाले.

मग पाखऱ्या उठला, आणि शिवारावर घिरटी घेतली, आणि अर्धी टाकी पोटी ठेवून, मुद्दाम धुऱ्याच्या खडबडीत जागी, खाली येऊ लागला. वारा आडवा होता. बाईसाहेबांनी गजानन महाराजांस काही कबूल केले, ते येथे लिहीत नाही. पाखऱ्या टेकला. डावा पाय टेकला, उजवा टेकला, आणि चारी टोके धरून बसला, जैसा पोळ्यापूर्वी बसे.

पाठोपाठ नऊ उतरणी आपण करविल्या, नऊही निर्दोष. आणि आपण हुकूम केला की विमान येथेच राहील, कारण पडण्याआधी थांबविले ऐसे विमान आपण तालुक्यात प्रथम पाहिले. तो शब्द रुपालीबाईंनी घरी येऊन तीनदा म्हणून दाखविला. परवान्याचा डबा आता फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल ऐसा ठेविला आहे.

वच्छलाबाईंनी आणिलेले हळदकुंकू पाखऱ्यास न लावता रुपालीबाईंस लाविले. टेम्पोत चढता चढता त्यांनी बाईसाहेबांस बाजूस घेऊन पुसले की नखपालिश कोणत्या रंगाची बरी? त्यांच्याही गटास पुढील साली विमान मिळणार आहे. बाईसाहेबांनी रंग सांगितला, आणि बोट लावण्याचे कलम फुकट दिले. निवृत्तीरावांचा एक वेळचा चहा बंद जाहला. दुसऱ्या वेळचा जरा जास्त साखरेचा दिला, हे कायद्यात नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आपला कागद सोबत परत धाडिला आहे. बाकी रकाने रुपालीने भरले. दोन बोटांचा तो रकाना मात्र मी माझ्या हाताने भरला आहे, अक्षर वाकडे असले तरी वाचता येईल:

बिघाडाचे कारण — तेल. लावणार — सुभद्राबाई. पुसणार — रुपाली.