विषय क्रमांक बारा, अर्थात बेंदवाडीच्या चपटीची मोहीम

श्रीबिरोबाचे चरणी मस्तक ठेवोन, आष्ट्याचे पूर्वेस मौजे बेंदवाडीत जे जाहले ते, कोणाची भीड न धरिता व कोणाचा चहा न पिता, जैसे घडले तैसे कलमबंद करितो. वाचणाराने हसू आवरावे. ज्याची गेली त्याची गेली.

वर्तमान ऐसे जे, मुंबईचे तख्तावरून आबकारी कर वाढविल्याचे फर्मान सुटले आणि चपटीचा भाव एकाएकी आभाळास भिडला. सरदार कृष्णातराव, ऊस बागायतदार, साखर कारखान्याचे तीस वर्षांचे सभासद, यांचा दिवेलागणीस एक चपटीचा नेम कधी चुकला नव्हता, ते बहुत कष्टी जाहले. त्यात घरचीच दगलबाजी. खुद्द पत्नी रंगूबाई, बचत गटाच्या अध्यक्षा, यांनी ग्रामसभेकडे ठराव धाडिला की, कर वाढला तो थोडा, आणखी दुप्पट करावा, ऐसी शिफारस सरकारास व्हावी. मग कृष्णातरावांनी भर दुपारी पारावर, शंभर असामींसमक्ष, बिरोबाचा भंडारा उचलोन शपथ वाहिली. "ह्यो ठराव पाडला न्हाई, तर चपटीला हात लावणार न्हाई." भंडारा उचलोन घेतलेली आण मोडणारा त्या मुलखात अद्याप जन्मला नाही.

मग खलबते जाहली आणि वाड्यावस्त्यांवरील शौकीन फौज गोळा जाहली आणि हुकूम सुटला की, ठराव वाचताच सर्वांनी उभे राहोन हात वर करावा व विरोध नोंदवावा, आणि सभा संपेतो कोणी थेंब घेऊ नये. हे दुसरे कलम फौजेस लय जड गेले.

रंगूबाईंकडे बायका अवघ्या तेवीस. परंतु बाई धोरणी. त्यांनी ग्रामसेवक दस्तगीर भाऊसाहेबांस गाठोन इतकेच मागितले, "आमचा विषय बाराव्या नंबरला घ्या. आन् कारखान्याच्या सभेवानी वाचा, मदी थांबू नका." भाऊसाहेबांस कारण उमगले नाही, बाईंनीही सांगितले नाही.

सोमवारी दहा वाजता मारुतीचे मंडपात दोन्ही दळे समोरासमोर बसली आणि वाचन सुरू जाहले. मागील इतिवृत्त कायम करणे, मंजूर. टाकीची गळती, मंजूर. आता कारखान्याचे वार्षिक सभेत अध्यक्षांनी काहीही वाचो, जेवणाची पंगत लवकर बसावी म्हणोन मंजूर ओरडणे, ही त्या मुलखाची पिढीजात कवायत, आणि तीत पहिला आवाज नेहमी कृष्णातरावांचा. मग गटार मंजूर, दिवाबत्ती मंजूर, स्मशानाची शेड मंजूर, आणि सरदारांचे डोळे मिटू लागले आणि भाऊसाहेब श्वास न घेता वाचिते जाहले, विषय क्रमांक बारा, दारूवरील कर दुप्पट करण्याची शिफारस सरकारास करणे.

"मंजूर!" पहिला आवाज कृष्णातरावांचा. मागोमाग अवघी फौज.

मागील रांगेतून एक शिलेदार कृष्णातरावांस हळूच पुसता जाहला, "आबा, आपुन काय क्येलं वो?" दस्तगीर भाऊसाहेबांनी ठराव एकमताने संमत लिहिला, सूचक रंगूबाई, आणि पहिला आवाज ज्याचा त्याचे नाव अनुमोदक म्हणोन घातले.

त्या दिवशी दिवेलागणीस सरदार ओसरीवर रिकामे हात चोळीत बसले होते. रंगूबाई कप घेऊन आल्या. "च्या केलाय. चालंल नव्हं?" आणि कृष्णातराव सवयीने म्हणाले, मंजूर.

येणेप्रमाणे बेंदवाडीची मोहीम रंगूबाईंनी फत्ते केली. सरकारने तो कागद वाचला किंवा कसे, हे दफ्तरी आढळत नाही. इतिवृत्त मात्र पुढील सभेस वाचले, तेव्हा तेही मंजूर जाहले; पहिला आवाज कोणाचा, ते लिहिण्याचे प्रयोजन नाही.